गिहिन् एन्नम्, म्हणजे ‘येते हं!’

चार आठवडे, एक बेट आणि ‘तुमचं दुःख ऐकायला आलेय’ हा आगाऊपणा. श्रीलंकेत मेंटल हेल्थ व्हॉलंटिअर म्हणून गेलेल्या एका मुंबईकर पोरीची ही गोष्ट...

आपली चर्चगेट लोकल मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून धावतेय, अशी कल्पना करा. एका बाजूला घरांच्या परसात वाळत घातलेले कपडे, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. कोलंबो फोर्ट ते गॉल हा रेल्वेप्रवास जवळपास असाच आहे. दारं सताड उघडी, दारात पाय सोडून बसलेले फॉरेनर्स आणि ‘वडे, वडे’ ओरडत डब्यातून फिरणारा माणूस. मीही दारात बसले, सेल्फी काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत ‘काय भारी!’, ‘जळवू नकोस!’ सुरू!

बॅगेत काय होतं, सांगू? रंगीत खडू, हसऱ्या-रडक्या-रागावलेल्या चेहऱ्यांची ‘भावना ओळखा’ कार्डं, ‘ऐकावं कसं’ यावरचं वीस पानी प्रिंटआउट आणि एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर. यातली शेवटची गोष्ट आपल्याला गोत्यात आणणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

२०२४ चा डिसेंबर होता. मला ब्रेक हवा होता. गोव्याला काय, सगळेच जातात. शिवाय त्या महिन्यात त्सुनामीला वीस वर्षं होत होती. २६ डिसेंबर २००४ ला मी आठ वर्षांची होते. शाळेत डबा फिरवून मदत गोळा केल्याचं आठवतं, बास. एका ओळखीच्या संपादकांना म्हटलं, ‘वीस वर्षांनंतरची जखम’ अशी कव्हर स्टोरी देते. ते खूश. मग नेटवर एक व्हॉलंटिअर प्रोग्रॅम सापडला. चार आठवडे, दक्षिण किनारा, मेंटल हेल्थ प्रोजेक्ट. राहणं, जेवण आणि समाजसेवा, सगळं एकाच फीमध्ये!

बाबांना फोन केला. आई गेल्यापासून दोन वर्षं ते सांगलीला एकटेच. त्यांनी विचारलं, ‘तिथे जाऊन तू करणार काय?’

‘लोकांशी बोलणार बाबा. त्यांचं ऐकून घेणार.’

‘बरं,’ म्हणाले.

मग नेहमीचं. ‘जेवलात का?’ ‘हो. तू?’ ‘हो. चला, ठेवते.’ आमचा रोज रात्री साडेनऊचा फोन चाळीस सेकंदांत आटपायचा.

‘नंगी’ कुणाला म्हणताय?

माझी नेमणूक हिक्कडुव आणि गॉलच्या मधल्या एका गावात होती. देवळाशेजारच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस डे सेंटर भरायचं. हॉस्पिटलमधून घरी आलेले, गोळ्या चालू असलेले, घरात कुणाशी न बोलणारे असे वीस-बावीस जण यायचे. ते चालवणारी बाई सरकारी कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर होती. सगळे तिला ‘मिस’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिने मला ‘नंगी’ अशी हाक मारली आणि मी चमकलेच! मग कळलं, सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण.

सिंहली म्हणजे मराठीची दूरची चुलत बहीण. बत म्हणजे भात, अत म्हणजे हात, दत म्हणजे दात, दुक म्हणजे दुःख. मनाला म्हणतात ‘हित’, तेही आपल्या चित्तावरूनच आलेलं. मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, अगदी आपल्यासारखंच.

सेंटरवर एक अक्का होती. साठीची, बारीक चणीची. ती पेशंट नव्हती आणि स्टाफही नव्हती. २००५ पासून येऊन सगळ्यांसाठी भात, परिप्पू म्हणजे डाळ आणि पोल संबोल करायची. पोल संबोल म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा आणि लिंबू. आपल्या खोबऱ्याच्या चटणीचा तिखट डोक्याचा भाऊच! अक्का मला ‘दुव’ म्हणायची. दुव म्हणजे लेक. दारात पाऊल टाकलं की प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न असायचा, ‘बत् कावद?’ भात खाल्लास का?

माझ्याबरोबर आणखी दोघी होत्या, एक ब्रिटिश आणि एक ऑस्ट्रेलियन. दोघी सायकॉलॉजी झालेल्या, पुढच्या ॲडमिशनसाठी अनुभव हवा म्हणून आलेल्या. आम्ही तिघींनी पहिल्या आठवड्यात कार्डं मांडली. ‘आज तुम्हाला कुठला चेहरा वाटतोय?’ सगळ्यांनी हसरा चेहरा उचलला. दुसऱ्या दिवशीही सगळ्यांनी हसराच उचलला. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून, हे मिसने हसत हसत सांगितलं तेव्हा आम्ही तिघी गप्प.

माझी मोठी चूक

दुसऱ्या आठवड्यात मिस दोन दिवस कोलंबोला ट्रेनिंगला गेली. मी संधी साधली. गावातला एक कॉलेजचा मुलगा बरा इंग्लिश बोलायचा, त्याला दुभाषा म्हणून घेतलं. अक्काच्या ओट्यावर बसले, रेकॉर्डर मधे ठेवला आणि विचारलं, ‘त्या दिवशी काय झालं?’

अक्का दोन तास बोलली. तिच्या घरातले दोघे त्या दिवशी गेले, इतकंच इथे सांगते. बाकीचं लिहिणार नाही. ती रडली, मी तिचा हात धरला, दुभाषा मुलगासुद्धा रडला. परतताना खरं सांगते, मला छान वाटत होतं. वाटलं, बाई मोकळी झाली! मास कॉमला शिकवलेलं सगळं कामाला आलं. आणि स्टोरी तर अशी की कव्हर पक्कं!

दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. त्यानंतरच्या दिवशीही आली नाही. वीस वर्षांत सेंटरच्या दिवशी चूल पेटली नाही असं क्वचित झालं होतं, म्हणे. आम्ही सगळ्यांना बिस्किटं वाटली. एक काका दार बघत बसले आणि न खाताच घरी गेले.

मिस परत आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘तू विचारलंस, ती बोलली. तुला बरं वाटलं ना? रात्री दोन वाजता ती अंगणात बसली होती. शेजारणीने मला फोन केला. तू तेव्हा गेस्टहाउसवर झोपली होतीस. आत्ता मी जाते तिच्याकडे. दोन आठवड्यांनी तू विमानात बसशील, तेव्हाही मीच जाणार आहे.’

मग थोडं थांबून म्हणाली, ‘ज्याला उद्या यायचं नाही, त्याने झाकण उघडू नये.’

त्या रात्री मी रेकॉर्डिंग डिलीट केलं. फार शूरपणा केला असं नाही. आधी दोनदा कॉपी करून ठेवलं होतं, मग त्या कॉप्याही डिलीट केल्या. संपादकांना मेल टाकला, स्टोरी होत नाही. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

लाटेनंतरची लाट

हे माझ्याबाबतीतच झालं असतं तर एका मूर्ख मुलीची गोष्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पण या किनाऱ्याने हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. त्सुनामीत श्रीलंकेत जवळपास ३५ हजार माणसं गेली. त्यानंतर २००५ मध्ये मदतीबरोबर जगभरातून समुपदेशकांचीही लाट आली. अनेकांना भाषा येत नव्हती. ‘ट्रॉमा’ मात्र सगळ्यांना ठाऊक होता. ईथन वॉटर्स या अमेरिकन पत्रकाराच्या २०१० च्या ‘क्रेझी लाइक अस’ या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे. त्यात मूळच्या श्रीलंकन असलेल्या गायत्री फर्नांडो या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम येतं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की पाश्चात्त्य तज्ज्ञ जखम माणसाच्या डोक्यात शोधत होते आणि इथले लोक ती नात्यांमध्ये दाखवत होते. मी आता कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही, गावात माझी जागा कुठली? दुखतंय ते तिथे.

यातून जग थोडं शहाणं झालं. आपत्तीनंतर मानसिक आधार कसा द्यावा, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये आली. त्यात एक पिरॅमिड आहे. तळाला अन्न, निवारा, सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि गाव. त्याच्या वर साधा, प्रशिक्षित माणसाचा आधार. तज्ज्ञ अगदी टोकावर, थोड्या लोकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही तीनच गोष्टी आहेत. पाहा, ऐका, जोडून द्या. आणि त्यात बजावलंय, कुणालाही आपली कहाणी सांगायला भाग पाडू नका. माझ्या वीस पानी प्रिंटआउटमध्ये हे होतं. पान सात. मी हायलाइटसुद्धा केलं होतं!

आणि श्रीलंकेने नुसती परक्यांची वाट पाहिली नाही, हेही सांगायला हवं. २००५ मध्येच देशाने नवं मानसिक आरोग्य धोरण केलं. कोलंबोजवळच्या अंगोडच्या मोठ्या हॉस्पिटलवरचा भार कमी करून सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत नेल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा अहवाल सांगतो, त्सुनामीपूर्वी १० जिल्ह्यांत असलेल्या सेवा नंतर २० जिल्ह्यांत पोचल्या. आमची मिस याच बदलातून तयार झालेल्या फळीतली. ‘सुमित्रयो’ ही इथलीच स्वयंसेवी संस्था तर १९७४ पासून एकाकी, खचलेल्या लोकांचं ऐकून घेतेय. स्वयंसेवक तिथेही आहेत. फरक एवढाच, की ते पुढच्या आठवड्यातही तिथेच असतात.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडून गेली. १९९५ च्या सुमारास श्रीलंकेचा आत्महत्येचा दर लाखामागे ४७, जगातल्या सगळ्यात वरच्या दरांपैकी एक. सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत हा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. हजारो घरं वाचली. कुणी ग्रुप सेशन घेतलं नव्हतं, चेहऱ्यांची कार्डं वाटली नव्हती. दुकानाच्या फळीवरून एक बाटली हटवली, बस. या कामाला ग्लॅमर नाही आणि याचा सेल्फीही येत नाही.

खोवणीवरचे दोन आठवडे

तिसऱ्या आठवड्यात अक्का आली. मी माफीचं वाक्य सिंहलीत पाठ केलं होतं. तिने मला पाहिलं आणि विचारलं, ‘बत् कावद, दुव?’ माझं वाक्य घशातच राहिलं. तिने माझ्यापुढे खोवणी सरकवली आणि चार नारळ ठेवले.

तेव्हापासून मी नारळ खोवले. बास, तेच केलं. सकाळी नऊला चुलीशी जायचं, खोबरं खोवायचं, तांदूळ निवडायचे, ताटल्या मांडायच्या. हळूहळू बाकीचे त्या खोबऱ्याच्या ढिगाभोवती जमायला लागले. कुणी कांदा सोलायचं, कुणी नुसतंच बसायचं. बिस्किटं न खाता गेलेले काका एक दिवस उठले आणि माझ्या हातातून नारळ काढून घेतला. मी खोवत होते ते त्यांना बघवेना! त्यांनी मला करवंटी कशी धरायची ते दाखवलं. मिस लांबून बघत होती. नंतर म्हणाली, ‘गेल्या सहा महिन्यांत ते कुणाला काही शिकवायला उठले नव्हते.’

कार्डांच्या पाठीमागे आम्ही किराण्याच्या याद्या लिहिल्या. पाठ कोरी होती, तिचा तरी उपयोग झाला.

२६ डिसेंबरला पेरालियला मोठा कार्यक्रम होता. २००४ मध्ये याच गावाजवळ ‘समुद्र देवी’ ही कोलंबोहून येणारी प्रवासी गाडी लाटेने उलथवली. हजाराहून जास्त माणसं गेली. तो दिवस पौर्णिमेचा, पोयाच्या सुटीचा होता. माणसं नातेवाइकांकडे निघाली होती. आता तिथे स्मारक आहे, जपानच्या मदतीने उभारलेला उंच बुद्ध आहे. दुरुस्त केलेली तीच गाडी दर वर्षी तिथे येऊन थांबते. माझ्यासोबतच्या दोघी तिकडे गेल्या. मलाही जायचं होतं. पत्रकार आहे मी, वीस वर्षांनी एकदा येणारी तारीख!

पण अक्काकडे त्या दिवशी ‘दाने’ होतं. गेलेल्या माणसांच्या नावाने भिक्षूंना जेवण. तिने मला नारळाला बोलावलं होतं. मी तिच्याकडे गेले.

नऊ पंचवीसला देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. स्वयंपाकघरात पाच-सहा बायका होत्या. रेडिओवर काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांचे हात थांबले. माझी खोवणी थांबली. चुलीवरचा भात तेवढा रटरटत होता, आणि मागे समुद्र. कुणी रडलं नाही. दोन मिनिटं संपली, अक्काने झाकण उचलून भात पाहिला आणि जाळ कमी केला. मी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच मला काही विचारावंसंही वाटलं नाही.

कवदाद?

निघायच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सिंहलीत निरोप घेतला. सिंहलीतही घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘गिहिन् एन्नम्’ म्हणतात, म्हणजे जाऊन येते. आपल्याकडे आजी ओरडते ना, ‘जाते म्हणू नये गं, येते म्हणावं’, अगदी तेच! मला हे इतकं आवडलं होतं, की मी आठवडाभर प्रॅक्टिस केली होती.

‘गिहिन् एन्नम्, अक्का.’

अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कवदाद?’

कधी?

बाकी कुणी विचारत नाही हो असं. ‘येते’ हा शब्द म्हणायचा असतो, त्याची तारीख मागायची नसते. पण वीस वर्षांत या बाईला किती देशांच्या पोरी ‘येते’ म्हणून गेल्या असतील! तिचा सूर कडवट नव्हता. खरंच विचारत होती, म्हणजे तेवढे तांदूळ जास्त घालायला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी हसले, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, घरी कोण असतं? दुभाषा मुलाने सांगितलं, तात्ता. वडील. ‘एकटे?’ ‘हो.’

‘अने!’ म्हणाली. आपण ‘अगं बाई’ म्हणतो ना, त्या सुरात.

तुम्हालाही असं जायचंय का? जरूर जा. श्रीलंका सुंदर आहे आणि मदतीला हात लागतातच. पण पैसे भरण्याआधी प्रोग्रॅमवाल्यांना चार प्रश्न विचारा. रोजचं काम इथल्या कुणाच्या हाताखाली आहे? मी गेल्यावर तेच काम कोण करणार? माझ्या फीतला किती पैसा गावात राहतो? प्रशिक्षण नसताना मला पेशंटबरोबर एकटं बसवणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, का नाही!’ असं उत्तर आलं, तर नको. त्यापेक्षा फिरायला जा, तिथल्या माणसाच्या गेस्टहाउसमध्ये राहा, तिथलं जेवा, खुशाल सेल्फी काढा. आणि ऐकण्याचीच हौस असेल, तर आपल्याच शहरातल्या एखाद्या हेल्पलाइनचं रीतसर प्रशिक्षण घ्या आणि वर्षभर दर आठवड्याला ड्यूटी करा. स्वतःला गरज वाटली, तर २०२२ पासून ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

माझं म्हणाल, तर परत आल्यावर पहिल्या रात्री साडेनऊला फोन लावला. ‘जेवलात का?’ ‘हो. तू?’ आणि मी ‘ठेवते’ म्हणायच्या आत थांबले. विचारलं, ‘काय जेवलात?’

पलीकडे जरा वेळ गेला. मग बाबा म्हणाले, ‘दूध-पोळी.’ आणखी थोड्या वेळाने, ‘चार दिवस तेच चाललंय.’

आता दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री मी महालक्ष्मी एक्सप्रेस पकडते. शनिवारी सकाळी सांगली. आम्ही फार काही बोलत नाही. मी भात टाकते, बाबा नारळ खोवतात. करवंटी कशी धरायची, ते मी त्यांना शिकवलंय. आईबद्दल मी विचारत नाही. एकदा त्यांनी आपणहून तिच्या आमटीत काय असायचं ते सांगितलं. मी ऐकलं.

गेल्या रविवारी निघताना चपला घातल्या आणि सवयीने म्हटलं, ‘येते, बाबा.’

त्यांनी विचारलं, ‘कधी?’

मी म्हटलं, ‘सोळा तारखेला.’